मानाजीरावांचे तीन बोल

मानाजीराव मोहित्यांना झटका आला तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान. एका वकिलाच्या काळ्या कोटाचा खांदा ते बसवत होते आणि टाचण्या तोंडात धरूनच गप्पा हाणत होते, कारण तोंडात टाचण्या आहेत म्हणून गप्प बसेल तो मानाजीराव कसला! बोलता बोलता टाचण्या गळाल्या आणि त्यांच्यामागोमाग मास्तर पडले. वकील आधी हसलाच. त्याला वाटलं, मास्तर कुणाची तरी नक्कल करून दाखवतायत.

जीव वाचला. पायही हळूहळू चालू लागला. उजव्या हाताची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. कात्री सोडा, पेनसुद्धा धरवेना, आणि डाव्या हातानं लिहिणं काही जमेना. आणि आवाज? आवाज होता, चांगला दणदणीत होता, पण तो तोंडाऐवजी नाकातून यायला लागला. 'बाबा' म्हणायला जावं तर 'मांमां' व्हायचं, 'दादा' म्हणावं तर 'नांनां'. कॉफीचा घोट घेतला की अर्धा नाकातून परत. एकदा पाहुण्यांसमोर शर्टावर कॉफी सांडली, तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, जाहीरच करून टाकलं, "ह्यांना आता कॉफी आवडत नाही."

म्हैसूरचा माणूस आणि कॉफी आवडत नाही! मानाजीरावांनी जोरजोरात मान हलवली.

"बघा, नकोच म्हणतायत," भवानीबाई म्हणाल्या.

भवानीबाई वाईट बाई नव्हे हां. नवऱ्यासाठी तिनं काय केलं नाही! सर्दी आत मुरलीय म्हणून छातीला बाम चोळला, वाफ दिली, ओव्याची पुरचुंडी हुंगायला लावली. सर्दी असती तर पळालीच असती बिचारी. मग शेजारची छोटी पोर जिन्यात भेटली. मानाजीरावांनी नेहमीसारखी लाडानं हाक मारली, तर ती किंचाळत घरात पळाली. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे गोष्टीतली भुतंच तेवढी नाकात बोलतात. त्या संध्याकाळी भवानीबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पोरीवरून नव्हे, नवऱ्यावरून!

मानाजीराव खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. आत माणूस जसाच्या तसा होता. तीच चेष्टा, तोच तापटपणा, गिऱ्हाइकांची मापं अजून तोंडपाठ. पण बाहेर यायची वाट बंद. न्हाणीघरात असताना कुणी बाहेरून कडी लावावी, आपण दार बडवावं आणि बाहेरच्यांनी म्हणावं, "चालू द्या हो, सावकाश आंघोळ करा!" तशी गत झाली होती त्यांची. भेटायला येणारे ओरडून बोलायचे, जणू कानच गेलेत. काहीजण तर त्यांच्यासमोरच भवानीबाईंना विचारायचे, "ओळखतात का माणसं?" अशा वेळी मानाजीरावांना त्या माणसाच्या विजारीची शिवण उसवून टाकावीशी वाटे.

त्यांचं बोलणं कळायचं ते एका भवानीबाईंना. इतकी वर्षं संसार केलेला, ओठ हलले की तिला समजायचं. सुरुवातीला त्याचा फार आधार वाटला. ते नाकातून काहीतरी बोलत आणि ती सांगे, "हे म्हणतायत, बसा." ते म्हणतायत, पंखा लावा. ते म्हणतायत, दुकानातली मशीन झाकून ठेवा. पुढं पुढं ती त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच सांगायला लागली. आणि आणखी पुढं, त्यांनी तोंड उघडायच्याही आधी. दुकानातला जुना कारागीर विचारायला आला, "मास्तर, मी दुकान उघडू का? कामं पडलीयत." मानाजीराव म्हणाले, उघड बाबा, आजच उघड. भवानीबाई म्हणाल्या, "बंदच राहू दे म्हणतायत. उगीच डोक्याला ताप." कारागीर मान हलवून गेला. मानाजीराव त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

त्यांची एकुलती एक मुलगी सहाना कडकोळच्या एका कारखान्यात नोकरीला होती, तिथल्या प्रयोगशाळेत माल तपासायची. तिनं चौकशी करून अप्पांना चैत्राकडे नेलं. झटक्यानंतर ज्यांचं बोलणं बिघडतं त्यांच्यावर ही चैत्रा उपचार करायची. कानडी मुलगी, बोलायला एकदम सरळ. ती अप्पांना काहीही विचारी आणि उत्तर भवानीबाई देत. दोन-तीनदा झालं तसं चैत्रा म्हणाली, "अम्मा, तुम्ही सुम्ने बसा बघू थोडा वेळ." भवानीबाई गप्प बसल्या, पण तोंड फुगवून.

चैत्रानं मानाजीरावांच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. "काका म्हणा." ते म्हणाले. आरसा धुरकटला.

"बघा, सगळी हवा इथून पळतेय," ती म्हणाली. "टाळूच्या मागं एक मऊ पडदा असतो. बोलताना, गिळताना तो वर उचलला जातो आणि नाकाचं दार लावून घेतो. तुमच्या पडद्यातली ताकद गेलीय. दार सताड उघडं. ह्याचा सर्दीशी काही संबंध नाही." मग भवानीबाईंकडे वळून, जरा मोठ्यानंच, "आणि डोक्याशीही नाही. डोकं ठणठणीत आहे ह्यांचं."

मानाजीरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

मग चैत्रानं त्यांच्या नाकपुड्या चिमटीत धरल्या. "आता म्हणा काका."

"काका," मानाजीराव म्हणाले, आणि स्वतःच दचकले. त्यांचाच आवाज! दुकानातला, गिऱ्हाइकाला हाक मारणारा. त्यांनी पुन्हा म्हटलं, काका, ताक, कोट, खिसा. सहाना हसत होती आणि रडतही होती.

"पण नाक धरलं की 'न' आणि 'म' बिघडणार," चैत्रा म्हणाली. "ते मुळातच नाकातून येतात. नाक सोडून मामा म्हणा." मामा अगदी स्वच्छ आला. "हे दोन तुमचे शाबूत आहेत." नाक धरणं म्हणजे काही उपचार नव्हे, हेही तिनं बजावलं. रोज व्यायाम करायचे, शिवाय दातांच्या डॉक्टरांकडून टाळू उचलून धरणारी एक पट्टी बनवून घ्यायची. वेळ लागेल, आणि पुरतं पहिल्यासारखं होईल असा शब्द ती देत नव्हती.

उपचार नसला तर नसो! परतताना रिक्षात मानाजीरावांनी डाव्या हातानं नाक धरलं आणि बायकोला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. भवानीबाईंनी त्यांचा हात खस्सकन खाली ओढला.

"अय्यो! माझ्या शेजारी बसून नाक धरता? लोकांना वाटेल मला घाण येतेय!"

रिक्षावाला आरशातून बघून हसला. मानाजीरावांचा हात मांडीवर पडून राहिला. त्यानंतर त्यांनी घरात नाक धरलं की ती हात खाली ओढायची.

ह्या सगळ्यात सहानाला स्थळ आलं. भवानीबाईंच्या भावानं, खंडोजीरावांनी आणलेलं. जयलक्ष्मीपुरमचे येसोजीराव, त्यांचा मुलगा भुवन. घर मोठं, माणसं नावाजलेली, मुलगा बेंगळुरूला नोकरीला. भवानीबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

आता ह्या लोकांची रीत सांगायला हवी. ह्या घराण्यांचे खापरपणजे म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोड्यावर होते. फौज गेली, घोडे गेले, मराठी अर्धीअधिक कानडीत विरघळली, पण एक रीत तेवढी राहिली. सुपारी फोडायच्या दिवशी मुलीच्या बापानं उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं, मराठीत, तीन वेळा म्हणायचं, "मुलगी दिली." हे तीन बोल. तिसरा बोल पडला की लग्न ठरलं. मग आभाळ कोसळलं तरी मोडायचं नाही. आणि बाप जिवंत असताना दुसऱ्या कुणी बोल देणं म्हणजे बापाचा जिवंतपणी दहावा घालणं.

भवानीबाईंची घाई होती ती ह्याचसाठी. "दुसरा झटका आला तर?" ती भावाला म्हणे. "बोल द्यायला हे आहेत तोवर उरकून टाकू." हे सगळं मानाजीरावांच्या समोरच. त्यांना कोण विचारतोय!

एका रविवारी दुपारी भवानीबाई बाजारात गेल्या होत्या. सहाना अप्पांच्या पायाला तेल चोळत बसली होती. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"अप्पा, मला तो नको," ती म्हणाली. "दोनदा भेटलो आम्ही. त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही. मला काय आवडतं तेपण तोच सांगतो. म्हणतो, तुला नोकरीचा कंटाळाच आला असेल ना? मला नाही हो आला कंटाळा! पण मी बोलायच्या आत त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं."

मानाजीराव ताठ बसले. हा अनुभव त्यांना नवा नव्हता.

"आईला सांगितलं मी. ती म्हणाली, आता नाही म्हणालीस तर अप्पांना दुसरा झटका येईल, आणि तो तुझ्यामुळं. तुम्हाला सांगायचंसुद्धा नाही म्हणाली. मी काय करू, अप्पा? तुम्हाला काही झालं तर..." ती रडायला लागली. मग नाक पुसत हसली. "तुम्हाला सांगणं सोपं. तुम्ही कुणाला सांगणार आहात?" आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

मानाजीरावांना राग आला. पोरीचा नाही. आपल्याला कोंडलंय एवढंच ते आजवर समजत होते. आता कळलं की पोरीला कोंडायला कुलूप म्हणून आपल्यालाच वापरलंय. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"मी नाही म्हणेन," ते म्हणाले.

वाक्य अगदी स्वच्छ बाहेर पडलं. नाक धरायचीही गरज पडली नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. सहाना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरंच म्हणाल?"

"म्हणेन."

दुसऱ्या दिवशी भवानीबाई जमिनीवर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. मानाजीराव समोर जाऊन बसले आणि त्यांनी आपल्या त्या नाकातल्या आवाजात सगळं सांगितलं. तिला तो मुलगा पसंत नाही. आत्ताच थांबव. मला काही होत नाही. डोक्याच्या शिरा ताणून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

भवानीबाई शेंगा सोलत राहिल्या. "काय म्हणताय काही कळत नाही बाई," त्या म्हणाल्या. "दमू नका उगीच."

पंखा लाव म्हटलेलं कळत होतं, पाठ खाजव म्हटलेलं कळत होतं, आणि हे कळत नाही? त्यांनी पुन्हा सांगितलं. मग हात नाकाकडे नेला, तर तिनं मनगट पकडलं.

"साकु! बास झालं. सुपारीच्या दिवशी येसोजीरावांसमोर हे असलं केलंत तर माझी काय शोभा राहील?"

बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. शेंगांकडे बघत होती, आणि सोललेल्या दाण्यांबरोबर सालंही पातेल्यात टाकत होती. मानाजीरावांच्या मनात काहीतरी चमकून गेलं, पण ते त्यांनाच खरं वाटेना. ते उठून खिडकीत जाऊन बसले.

सुपारीचा दिवस आला. बैठकीच्या खोलीत सतरंजी घातली होती. विड्याची पानं, नारळ, सुपारीचं ताट मधोमध. येसोजीराव मिशांना पीळ देऊन बसलेले, शेजारी भुवन. आतल्या दारात सहाना, नव्या म्हैसूर सिल्कमध्ये, रंग उडालेली. खंडोजीराव पाहुण्यांच्या कानाशी लागून सांगत होते, पण ते सगळ्या खोलीला ऐकू येत होतं, "भावजींचं बोलणं कळायचं नाही तुम्हाला. रीत म्हणून ते तोंड हलवतील. ताई सांगेल काय म्हणाले ते."

तेव्हा मानाजीरावांच्या ध्यानात सगळा डाव आला. आपण काहीही बोललो तरी ते 'दिली'च होणार होतं. बिसिबेळे भात कसा करतात ते सांगितलं असतं तरी मुलगी दिलीच असती! पायाखालची सतरंजी सरकल्यासारखं झालं त्यांना. आणि सहाना त्यांच्याकडे बघत होती, कारण त्यांनी तिला कबूल केलं होतं.

"भावजी, पहिला बोल," खंडोजीराव म्हणाले.

मानाजीराव उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला.

"नाही," ते म्हणाले.

खणखणीत आला शब्द. येसोजीरावांच्या भुवया वर चढल्या. भवानीबाई पुढं झाल्या आणि गोड हसल्या.

"'नाही कसं म्हणू' म्हणतायत! एकुलती एक ना, भरून आलंय त्यांना."

"अच्छा, अच्छा!" सगळे हसले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "झाला पहिला बोल!" खंडोजीराव ओरडले. "भावजी, दुसरा."

"नाही! नाही!" मानाजीराव ओरडले.

"'मुलीला काही कमी पडू देणार नाही' म्हणतायत," भवानीबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"झाला दुसरा!"

काय अवस्था असेल बघा त्या माणसाची! तोंडातून धडधडीत खरा शब्द बाहेर पडतोय आणि दोन हातांवर जाऊन तो खोटा होतोय. दारातल्या सहानानं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघितली आणि मानाजीरावांची लाजलज्जा सगळी गेली. ते एक पाऊल मागं सरले, बायकोचा हात पोचणार नाही इतकं. भिंतीला टेकले. डाव्या हातानं नाक घट्ट दाबलं. डोळे मिटून शब्द निवडले. न नको, म नको.

"तिला विचारा," मानाजीराव मोहिते म्हणाले.

मास्तरांचा आवाज. देवराज मोहल्ल्यानं पंचवीस-तीस वर्षं ऐकलेला. येसोजीरावांच्या हातातली सुपारी सुटून सतरंजीवर घरंगळली. खंडोजीरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"तिला विचारा," ते पुन्हा म्हणाले.

सगळे सहानाकडे वळले. भुवन हसून म्हणाला, "तिला काय विचारायचं? ती होच म्हणणार."

सहानाचे ओठ हलले. आवाज फुटेना. तिच्या टाळूला काही झालं नव्हतं, घशाला काही झालं नव्हतं, तरी आवाज फुटेना. मानाजीरावांना तिच्या चेहऱ्यावर आपलंच सगळं दिसलं, ते खुर्चीतलं बसणं, ते बघत राहणं. नाक धरलेला हात तसाच ठेवून ते तिच्याकडे बघून मोठ्यानं हसले. बघ, मी उभा आहे. मला काही झालेलं नाही.

सहानानं बापाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते पडले नव्हते.

"नाही," ती म्हणाली. अगदी हळू.

"काय? काय म्हणाली?" येसोजीरावांनी विचारलं.

आणि सवयच लागलेली ना, सगळ्या खोलीनं भवानीबाईंकडे पाहिलं. भवानीबाईंनी तोंड उघडलं. हसूसुद्धा तयार होतं ओठांवर. मग त्यांची नजर नाक धरून भिंतीला टेकलेल्या नवऱ्यावर गेली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"नाही म्हणाली," त्या म्हणाल्या. "हेपण नाहीच म्हणत होते. दोन्ही वेळा. घरात सांगत होते तेव्हाही मला कळलं होतं. मला ह्यांचं सगळं कळतं हो. पहिल्या दिवसापासून अक्षर न् अक्षर कळतं. मला वाटलं, हे गेले तर पोरीचं कोण बघणार..."

खंडोजीराव बहिणीवर उखडले. भुवन उठून उभा राहिला. येसोजीरावांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि मानाजीरावांकडे बोट करून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून भवानीबाईंना विचारलं, "अहो, पण ह्यांचं म्हणणं तरी काय आहे?"

"ते त्यांनाच विचारा," भवानीबाई म्हणाल्या. "आणि ओरडू नका. ऐकू येतं त्यांना."

येसोजीराव गोंधळले. मग वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "बोला मास्तर. काय म्हणायचंय तुम्हाला?"

मानाजीरावांना सांगायचं होतं ते एक-दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. पोरीचं सांगायचं होतं, बंद दुकानाचं सांगायचं होतं, शेजारच्या पोरीचं, आणि समोर बसलेल्या ह्या बाईचं तर कितीतरी. एवढी सगळी माणसं आपण बोलायची वाट बघतायत, हेच त्यांना नवीन होतं. त्यांनी नाकावरची चिमटी घट्ट केली.

"आधी कॉफी," ते म्हणाले.

भवानीबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "सांडली तर सांडू दे शर्टावर," असं कुणालाही न उद्देशून म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.